हर्षद मेहतावरची मालिका, बँक रिसीट आणि सोयाबीनचे दोन लाख

कारंजा तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून हर्षद मेहता या मुंबईच्या शेअर दलालाच्या १९९२ मधल्या घोटाळ्यावरची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका पाहिली आणि ती आवडली; परंतु तिच्यात सतत येणारी ‘बँक रिसीट’ म्हणजे नेमके काय, हे शेवटपर्यंत उमगले नाही. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, त्या माणसाने बँकेचे पैसे वापरले आणि मागितल्यावर परत केले, मग त्याला चोर का म्हणायचे? हाच भाऊ आता सोयाबीनच्या चुकाऱ्यातले, म्हणजे विक्रीतून आलेले, दोन लाख रुपये शेअर बाजारात घालायचे म्हणतो. असे आजही घडू शकते का, हा तिसरा प्रश्न. शिवाय दिवंगत वडिलांच्या पेटीत त्याच सुमाराची कागदी शेअर सर्टिफिकेटे सापडली आहेत, त्यांचे काय करावे, असेही शेवटी जोडले आहे.

मी शेअर बाजाराचा सल्लागार नाही. सहकारी संस्था आणि छोट्या बँका यांच्या लेखापरीक्षणात माझी तीस वर्षे गेली, त्यातली बरीचशी यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत. त्यामुळे कोणता शेअर घ्यावा हे मला विचारू नका. मात्र पैसा एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात कसा जातो आणि मधल्या कागदावर काय लिहिलेले असते, हे पाहणे हाच माझा धंदा राहिला आहे. आणि या घोटाळ्याचे मर्म तिथेच आहे. मालिका पाहणाऱ्यांची गल्लत बहुधा इथेच होते. शीर्षक शेअर घोटाळ्याचे, गोंगाट दलाल स्ट्रीटचा, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा, नायक ‘बिग बुल’. म्हणून चोरीही शेअर बाजारात झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती बँकांच्या रोखे विभागात (सरकार कर्ज घेताना जे कागद देते ते सरकारी रोखे), टेबलावरच्या कागदांत झाली. शेअर बाजार ही तो पैसा जिथे उधळला गेला ती जागा होती.

मालिकेविषयी थोडक्यात सांगतो. पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशीष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली, हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही दहा भागांची हिंदी मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि प्रतीक गांधी यांनी मुख्य भूमिका अप्रतिम केली. बँकेच्या आतल्या कारभाराला इतका वेळ देणारी दुसरी हिंदी मालिका माझ्या पाहण्यात नाही. तरीही पडद्यावर माणूस दिसतो, वही दिसत नाही. आणि माणूस देखणा, बोलका, शून्यातून वर आलेला असला की आपण त्याच्या बाजूने होऊन जातो. तुमच्या भावाचे झाले ते पुष्कळांचे झाले आहे.

आता बँक रिसीट. त्यासाठी आधी ‘रेडी फॉरवर्ड’ हा व्यवहार समजून घ्यावा लागेल, आणि तो समजायला विदर्भातल्या माणसाला मुंबईला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे सावकार कर्ज देताना पुष्कळदा गहाणखत करत नाही. तो सरळ शेताचे खरेदीखत करून घेतो आणि तोंडी ठरते की, दोन वर्षांत मुद्दल-व्याज दिले की शेत परत लिहून द्यायचे. कागदावर ती विक्री असते, दोघांच्या मनात ते कर्ज असते. (अशी बळकावलेली शेते परत मिळवून देण्याची तरतूद २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) बँकांमधला रेडी फॉरवर्ड हाही असाच, फक्त कायदेशीर पेहराव घातलेला: एक बँक दुसऱ्या बँकेला सरकारी रोखे आज विकते आणि ठराविक दिवसांनी ठराविक, थोड्या चढ्या भावाने परत घेण्याचे कबूल करते. दोन भावांतला फरक म्हणजे व्याज.

बँकांना याची गरज का पडे? त्या काळी बँकेच्या ठेवींपैकी ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोखे आणि तत्सम सुरक्षित गुंतवणुकीत ठेवण्याचे बंधन होते. एखाद्या बँकेकडे रोखे कमी पडत, एखादीकडे रोखे भरपूर पण रोकड कमी असे. मग थोड्या दिवसांची देवाणघेवाण होई आणि ती जुळवून देणारा दलाल मधे उभा राही.

अडचण पुढे होती. या रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात हाताने, वह्यांमध्ये होत असे. शेताचा व्यवहार झाला तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत जसे दिवस जातात, तसेच तिथे होई. आणि पंधरा दिवसांचा व्यवहार असेल तर नोंद होईपर्यंत व्यवहार संपूनही जाई. म्हणून बँकांनी पळवाट काढली. विकणारी बँक एक पावती लिहून देई, तिचा आशय असा की, ‘अमुक रोखे आम्ही तुम्हाला विकले असून, प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत ते तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत.’ हीच ती बँक रिसीट. समजा, मी तुम्हाला शेत विकले, फेरफार व्हायचा आहे, आणि तोवर मी चिठ्ठी लिहून दिली की शेत तुमचे, मी फक्त राखतो आहे. शेत असेल आणि मी प्रामाणिक असेन, तर चिठ्ठीत काही वाईट नाही.

पण शेतच नसेल तर? किंवा एकाच शेताच्या चिठ्ठ्या चौघांना दिल्या तर? किंवा व्यवहार मिटल्यावरही जुनी चिठ्ठी परत न घेता कोणी ती दुसरीकडे वापरली तर? तिन्ही प्रकारांना वाव होता, कारण चिठ्ठी घेणारा शेतावर जाऊन पाहत नव्हता. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी, हाती रोखे नसताना, अशा पावत्या दिल्या आणि मोठमोठ्या बँकांनी त्यांवर विश्वासून पैसे मोजले. त्या मुख्यतः हर्षद मेहताच्या नव्हे, तर त्याच वेळी हाच खेळ खेळणाऱ्या इतर दलालांच्या उपयोगी पडल्या. घोटाळा एका माणसाचा नव्हता. अनेक दलाल, सरकारी बँका आणि परदेशी बँकाही त्यात होत्या, आणि स्टँडर्ड चार्टर्डसारख्या बँकेला मोठा फटका बसला. मालिकेला एक चेहरा लागतो, म्हणून हा भाग प्रेक्षकाच्या डोळ्यांआड होतो.

दुसरे छिद्र धनादेशाचे होते, आणि माझ्या मते ते अधिक लाजिरवाणे होते. एक बँक दुसऱ्या बँकेच्या नावाने धनादेश काढी, परंतु रूढी अशी पडली होती की, तो दलाल स्वतःच्या खात्यात जमा करून घेई. धनादेशावर नाव बँकेचे, पैसा दलालाच्या खात्यात! ‘रोजचाच माणूस आहे, व्यवहार त्याच्यामार्फतच होणार’ हे त्याचे समर्थन. खेड्यातल्या सेवा सोसायटीतसुद्धा सचिवाने जिल्हा बँकेच्या नावाचा धनादेश आपल्या खात्यात घातला, तर लेखापरीक्षकाने दोषदुरुस्ती अहवाल मागण्याच्या आधी गावच त्याला विचारेल. इथे शेकडो कोटींचे धनादेश असे जात होते.

बँकांचा हा पैसा हाती असल्यामुळे मेहताला तो शेअर बाजारात ओतता आला. एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपास होता, तो नऊ हजारांच्या घरात गेला. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास रेंगाळणारा सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ वर पोहोचला. २३ एप्रिल १९९२ रोजी हा घोटाळा उघड करणारी सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. पाच दिवसांनी, २८ एप्रिलला, सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंकांनी कोसळला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने बँकांची अडकलेली रक्कम चार हजार कोटींहून थोडी जास्त काढली.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो. ‘परत केले’ हे अर्धेच खरे आहे. स्टेट बँकेने हिशेब मागितला तेव्हा मेहताने स्टेट बँकेचे खाते भरून दिले, हे खरे. पण त्या भरपाईसाठी राष्ट्रीय आवास बँकेचा पैसा वापरला गेल्याचे चौकशीत पुढे आले. आपल्या भागात या प्रकाराला शब्द आहे: नवे-जुने. मार्च आला की सोसायटीचे जुने पीककर्ज नव्या कर्जातून फेडायचे, खाते चालू दिसते, कर्ज होते तिथेच राहते. शेतकरी नवे-जुने करतो तेव्हा निदान कर्ज त्याच्याच नावावर असते. इथे एका बँकेचे भोक दुसऱ्या बँकेच्या ठेवीदारांच्या पैशाने बुजवले जात होते, आणि त्या ठेवीदारांना कोणी विचारले नव्हते. भावाला हेही सांगा की, मारुती उद्योगाच्या पैशाच्या प्रकरणात १९९९ मध्ये विशेष न्यायालयाने मेहताला दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात कोठडीत असताना तो वारला, त्यामुळे उरलेल्या अनेक खटल्यांत त्याच्यापुरता निकाल लागलाच नाही. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘केलेच नाही’ यांत अंतर आहे.

‘बँकेचे पैसे’ म्हणजे कोणाचे, हेही विचारायला हवे. घोटाळा उघड झाल्यावर बँक ऑफ कराड १९९२ मध्ये अवसायनात गेली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला घेतला, आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने तिचा ताबा घेतला. मधल्या काळात सातारा जिल्ह्यात ज्या शिक्षकाने, ज्या ऊस उत्पादकाने तिच्यात ठेव ठेवली होती, त्याचा दलाल स्ट्रीटशी काय संबंध होता? त्याचा प्रसंग मालिकेत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. नाटकाला त्याची गरज नसते. हिशेबाला असते.

हे सगळे मुंबईचे, जुने, असे म्हणून सोडून देऊ नका. अगदी हेच, पावती आहे आणि रोखे नाहीत, दहा वर्षांनी आपल्या विदर्भात घडले. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड नावाच्या दलाल कंपनीसह काही दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम दिली होती. रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. वर्धा जिल्हा बँकेचेही पैसे होम ट्रेडकडे अडकले. त्याआधी क्रिकेटपटू आणि सिनेनट घेऊन त्या कंपनीने केलेल्या झगमगीत जाहिराती पुष्कळांना आठवत असतील. नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला आणि तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना शिक्षा झाली. एकवीस वर्षांत कापसाची आणि सोयाबीनची किती पिके निघाली, ते तुम्हीच मोजा.

त्याच सुमाराचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यावरूनच मला हा विषय कायमचा कळला. एका तालुक्याच्या गावातील छोट्या सहकारी बँकेचे लेखापरीक्षण माझ्याकडे होते. ताळेबंदात चाळीस लाखांचे सरकारी रोखे दाखवले होते. मी ते पाहायला मागितले. व्यवस्थापकांनी लोखंडी कपाटातून फाइल काढली; तिच्यात दलालाच्या लेटरहेडवर टंकलिखित पत्र होते की, अमुक रोखे आपल्या नावे अमुक बँकेत सुरक्षित आहेत, आणि त्याला टाचलेली एक झेरॉक्स, तीही इतकी पुसट की रोख्याचा क्रमांक वाचता येत नव्हता. मी म्हटले, हे दलालाचे म्हणणे झाले. रोखे ज्या खात्यात आहेत तिथला उतारा दाखवा. व्यवस्थापक वयाने माझ्यापेक्षा मोठे आणि माणूस सज्जन. ते हसून म्हणाले, “सायेब, व्याज तं टायमावर येऊन रायलं ना! मंग कागद काय पाह्यता?”

व्याज खरोखरच वेळेवर येत होते. माझ्याही मनात क्षणभर आले की, उगाच त्रास कशाला द्यावा. तरी मी ज्या बँकेत रोखे असल्याचे सांगितले होते, तिला थेट पत्र लिहिले, दलालाला मधे न घेता. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: आपल्या बँकेच्या नावे आमच्याकडे कोणतेही रोखे नाहीत. व्याज म्हणून जे येत होते ते दलाल आपल्या खिशातून, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी पैशांतून, पाठवत होता. रक्कम लहान होती आणि पत्र वेळेत गेले, म्हणून दीड वर्षात हप्त्याहप्त्याने ती परत आली. तेव्हापासून वेळेवर आलेले व्याज हा मी पुरावा मानत नाही. आणि ज्याच्याकडे माल असल्याचे सांगितले जाते, त्यालाच विचारतो, मधल्या माणसाला नाही.

तर, असे आजही होऊ शकते का? ते छिद्र बरेचसे बुजले आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेला कायद्याचे अधिकार १९९२ मध्येच मिळाले. १९९६ पासून शेअर कागदाऐवजी डिमॅट, म्हणजे संगणकावरच्या, खात्यात नोंदले जाऊ लागले. सरकारी रोख्यांच्या नोंदी संगणकावर गेल्या, आणि २००२ पासून रोखे आणि पैसा यांची अदलाबदल क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत एकाच वेळी होऊ लागली, म्हणजे मधल्या चिठ्ठीची गरजच संपली. शेअर विकत घेतल्यास २०२३ पासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो. परंतु नोंदीबाहेरचा कागद जिथे राहतो, तिथे हाच रोग पुन्हा उद्भवतो. २०१८ मध्ये उघड झालेले पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण पाहा: मुंबईच्या एका शाखेतून हमीपत्रे जात होती आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंद नव्हती. २०१९ मध्ये कार्वी या दलाल कंपनीवर सेबीने कारवाई केली, ती ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण टाकल्याबद्दल. शेअर ग्राहकाचे, गहाण टाकणारा दलाल. म्हणजे राखणदारानेच शेत गहाण टाकले.

राहिले भावाचे दोन लाख. इथे मला ‘परिस्थितीवर अवलंबून’ असे म्हणावेच लागेल, आणि ती परिस्थिती तुम्हीच जाणता. पहिली गोष्ट पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते आपल्याला बिनव्याजी पडते. मुदत चुकली तर सवलत जाते आणि पुढचे कर्जही अडते. म्हणून चुकाऱ्यातून आधी सोसायटी, मग पुढच्या हंगामाचे बियाणे-खत, मग घरात कोणाचे शिक्षण किंवा दवाखाना असेल तर ते, आणि त्यानंतर जे उरेल आणि पाच-सात वर्षे लागणार नाही, तेवढ्याचाच विचार करावा. दोन लाखांतले चाळीस हजार उरले तर चाळीस हजार. काहीच उरले नाही, तर यंदा बाजार नाही. बाजार पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

भावाला ‘बाजार’ म्हणून नेमके काय करायचे आहे, हेही विचारा. शेअर किंवा म्युच्युअल फंड घेऊन ठेवणे वेगळे आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांत, रोज उलाढाल करणे वेगळे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशी उलाढाल करणाऱ्या वैयक्तिक व्यावसायिकांपैकी ९३ टक्के तोट्यात असल्याचे आढळले. आपल्याकडे पावसावर जुगार खेळून आधीच पोट भरलेले असते, दुसरा कशाला? आणि टेलिग्रामच्या एखाद्या गटाने ‘पैसे या खात्यावर पाठवा, आम्ही तुमच्यासाठी ट्रेडिंग करू’ असे सांगितले असेल, तर तिथे चर्चा संपली असे समजावे. धनादेशावर नाव एकाचे आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात, ही १९९२ चीच रीत आहे, फक्त आता ती मोबाइलवर आली आहे.

त्याला खाते उघडायचेच असेल, तर दलालाची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पाहावी, खात्यात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा (दारव्ह्यात एका ग्राहकाच्या खात्यात दलालाच्या पोराचा क्रमांक दिलेला मी पाहिला आहे), आणि पहिली खरेदी अगदी लहान, हजारभराची करून दोन दिवसांनी एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डिमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था) यांच्या उताऱ्यात शेअर आले की नाही ते पाहावे. दलालाच्या अॅपवर दिसणारा आकडा म्हणजे दलालाचे म्हणणे. उतारा म्हणजे सातबारा.

पेटीतल्या सर्टिफिकेटांबद्दल. ती फेकू नका. कंपनी आज आहे का, नाव बदलले का, दुसरीत विलीन झाली का, हे आधी शोधावे लागेल. त्या काळच्या पुष्कळ कंपन्या बुडाल्या, पण काही टिकल्या आहेत. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विक्रीने हस्तांतरित होत नाहीत, परंतु वारसाच्या नावावर करून डिमॅट करता येतात. सात वर्षे लाभांश उचललेला नसेल, तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तिथून परत मिळवण्याची पद्धत आहे, वेळखाऊ आहे, पण आहे. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि सर्टिफिकेटावरचा फोलिओ क्रमांक एका जागी ठेवा. आणि कसर लागू नये म्हणून कोणी सुचवले तरी ती लॅमिनेट करू नका. दिग्रसच्या एका गुरुजींनी मोठ्या मायेने केली होती; त्यावर शिक्का कुठे मारायचा, या एका प्रश्नात आमचे चार महिने गेले.